लूनचे पाय, डफाचं कातडं

लून हा पाणपक्षी जमिनीवर धड चालू शकत नाही. त्याचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात, त्यामुळे उभा राहिला की तोल पुढे जातो. पाण्यापासून घरट्यापर्यंतचं हातभर अंतरही तो पोटावर सरपटत कापतो. पण तेच पाय पाण्यात वल्ह्यासारखे चालतात. उडणाऱ्या बहुतेक पक्ष्यांची हाडं पोकळ असतात, लूनची पुष्कळशी भरीव. बुडी मारायच्या आधी तो पिसांत अडकलेली आणि फुफ्फुसातली हवा दाबून बाहेर काढतो आणि अजिबात आवाज न करता खाली जातो. मोठ्या जातीचे लून ६० मीटरपर्यंत खोल जातात. वर येतात ते भलतीकडेच. हिवाळ्यात हा पक्षी उत्तरेकडच्या तळ्यांवरून नाहीसा होतो, बर्फ वितळला की पुन्हा हजर. रात्री त्याची हाक ऐकली तर लांबवर कुणी माणूसच रडतोय असं वाटतं.

सायबेरियात येनिसेई नदीच्या काठाने केट नावाचे लोक राहतात, आज जेमतेम हजारभर असतील. त्यांची सृष्टीची कथा अशी. सगळीकडे नुसतं पाणी. दोह नावाचा आद्य शामान, म्हणजे आत्म्यांच्या जगाशी बोलणी करणारा माणूस, हंस, लून आणि बाकीच्या पाणपक्ष्यांना घेऊन त्या पाण्यावरून उडतोय आणि टेकायला कुठे जागा नाही. शेवटी त्याने लाल गळ्याच्या लूनला तळाशी पाठवलं. दोनदा तो रिकाम्या चोचीने वर आला. तिसऱ्यांदा चोचीत चिखल होता. त्या चिखलाचं बेट झालं, आणि मग पृथ्वी.

लूनच का? हंस जास्त देखणा, जास्त मोठा. पण हंस पाण्यात मान घालतो तेव्हा त्याचं बूड वरच राहतं. तळाशी जाऊन परत येणं त्याच्या शरीरात नाही. शिवाय लूनमध्येही निवड नेमकी आहे. बाकीच्या जातींना हवेत उठण्यासाठी पाण्यावरून बरंच लांब धावावं लागतं, लाल गळ्याचा लून मात्र लहानशा डबक्यातूनही उडतो. खाली जाणारा, वर उडणारा आणि दोन्हींकडून परत येणारा असा हा एकच. कथा रचणाऱ्यांनी तो पक्षी वर्षानुवर्षं पाहिलेला होता.

म्हणून ‘प्रतीक’ हा शब्द इथे जरा जपून वापरावा लागतो. गरुड म्हणजे दृष्टी, लांडगा म्हणजे निष्ठा, घुबड म्हणजे ज्ञान अशा याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्या वाचताना प्राणी मागे पडतो आणि त्याच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी तेवढी उरते. ज्या समाजांत शामान खरोखर कामाला होता, तिथे प्रश्न ‘हा प्राणी कशाचं चिन्ह?’ असा नसे. हा प्राणी काय करू शकतो, तो आपल्या कामाला येईल का, आणि बदल्यात काय मागेल, असा असे.

शब्दाबद्दल एक गोष्ट इथेच. ‘शामान’ हा शब्द सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतून रशियनमध्ये आणि तिथून जगभर गेला. मराठीत ‘शमन’ लिहिलं की शांत करणं असा अर्थ मध्ये घुसतो, त्याचा इथे काही संबंध नाही. संस्कृत ‘श्रमण’शी नातं जोडायचा प्रयत्न जुना आहे, त्यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. आणि सामी, इनुइट, ऐनू, अॅमेझॉनमधले लोक यांच्याकडे त्या माणसाला आपापली वेगळी नावं आहेत. सगळ्यांना शामान म्हणणं ही आपली सोय.

कामाची वाटणी सर्वांत स्वच्छ दिसते ती उत्तर युरोपातल्या सामी लोकांत. त्यांचा नोआइदी, म्हणजे त्यांच्याकडचा शामान, तीन प्राणी राखून असे (साइवो म्हणजे आत्म्यांचं जग): साइवो-पक्षी, साइवो-मासा आणि साइवो-सार्वा, म्हणजे रेनडिअरचा नर. पक्षी वाट दाखवी आणि निरोप नेई. मृतांच्या जगात खाली उतरायचं तर मासा. नर रेनडिअर लढाईसाठी. दोन नोआइदींचं वैर जुंपलं की ते स्वतः हातघाईवर येत नसत, त्यांचे रेनडिअर झुंजत. मात्र ज्याचा रेनडिअर जखमी होई तो माणूस आपल्या तंबूत आजारी पडे, आणि रेनडिअर मेला तर तोही मरे. मदतनीस प्राणी म्हणजे अंगाबाहेर ठेवलेला आपलाच जीव. ताकद वाढते, पण दुखापत व्हायच्या जागाही वाढतात.

याकुत, म्हणजेच सखा, लोकांत ही जोखीम आणखी उघड आहे. वाच्लाव सिएरोशेव्स्की हा पोलिश माणूस झारशाहीने हद्दपार केल्यामुळे १२ वर्षं याकुतांमध्ये राहिला. त्याचं पुस्तक १८९६ साली आलं. त्यात ‘इये-किल’बद्दल नोंदी आहेत. इये-किल म्हणजे शामानचा मातृप्राणी, त्याच्या जिवाचं जनावरातलं रूप. तो दूर कुठेतरी लपवून ठेवलेला असतो आणि तो मेला की शामानही मरतो. वळू, घोडा, एल्क, गरुड हे बलवान. सर्वांत दुर्दैवी शामान कोण? ज्याचा इये-किल लांडगा किंवा कुत्रा असेल तो. हे प्राणी कधी तृप्त होत नाहीत, मालकाला स्वस्थ बसू देत नाहीत. कुत्रा तर आतून काळीज कुरतडत राहतो. आज ऑनलाइन चाचणीत ‘तुमचा आत्मिक प्राणी: लांडगा’ असं उत्तर आलं की लोक खूश होऊन ते मित्रांना पाठवतात. याकुत म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिलं असतं.

याकुतांचीच दुसरी एक परंपरा आहे, लोखंडी चोचीच्या पक्षिणीची. आकड्यासारख्या नख्या, लांब शेपूट. ही शामानला आयुष्यात दोनदाच दिसते, शामान म्हणून जन्मताना आणि मरताना. ती त्याचा आत्मा पाताळात नेते आणि झाडाच्या फांदीवर पिकायला ठेवते. आत्मा पिकला की त्याला परत आणते, उमेदवाराच्या शरीराचे तुकडे करते आणि ते रोगांच्या भूतांना वाटून टाकते. जे भूत जो तुकडा खाईल, तो आजार पुढे या शामानला बरा करता येतो. ज्यांनी आपल्याला खाल्लंय त्यांच्याशीच बोलणी करायची असा हा हिशेब आहे. यात पक्षी ‘स्वातंत्र्याचं प्रतीक’ वगैरे कुठे बसवायचा?

आता डफ. प्राण्याशी शामानचं नातं कसं असतं हे हातात धरून पाहायचं तर डफासारखी दुसरी वस्तू नाही.

सायबेरियातला डफ एका बाजूनेच मढवलेला असतो. लाकडाची पातळ पट्टी वाफेवर किंवा गरम पाण्यात मऊ करून वाकवायची, तिचं गोल किंवा लांबट कडं करायचं. त्यावर रेनडिअर, एल्क, हरिण किंवा घोड्याचं न कमावलेलं कातडं चढवायचं. कच्च्या कातड्याचं काम नाजूक असतं. केस खरवडून ते पाण्यात भिजत घालायचं, हाताला ओल्या फडक्यासारखं लागेपर्यंत, साधारण एक-दोन दिवस. ओलं असतानाच ते कड्यावर ओढून वादीने किंवा स्नायूंपासून काढलेल्या दोऱ्याने बांधायचं. नवखा माणूस इथे पहिली चूक करतो. ओलं कातडं लवचीक असतं म्हणून जोर लावून ताणतो. वाळताना कातडं आकसतं आणि सगळा ताण कड्यावर येतो. सकाळी पाहावं तर कडं पिळवटून वाकडं झालेलं. सैल ठेवलं तर उलट तक्रार: हवा जरा दमट झाली की भद्द आवाज. ताण मध्यम हवा, चारी बाजूंनी सारखा. वाळवायचं सावलीत आणि सावकाश. उन्हात किंवा शेकोटीशेजारी ठेवलं तर कडेचा भाग आधी वाळतो, मधला ओला राहतो आणि पातळ जागी चीर जाते.

डफ तयार झाल्यावरही विस्तव लागतोच. कातडं हवेतलं पाणी पितं, म्हणून दर वेळी वाजवण्याआधी ते जाळाजवळ फिरवून शेकतात. स्वर चढत जातो, बोटाने टिचकी मारून पाहतात, पुरेसा झाला की थांबतात. हे काम बहुधा मदतनिसाकडे असे. लक्ष उडालं की कातड्याला तडा.

पण एवढं करूनही अल्ताई पर्वतातल्या शामानच्या लेखी तो डफ झालेला नसे. त्याला जिवंत करावं लागे. आधी कड्यावर बीर शिंपडायची. कडं ‘जागं’ होई आणि शामानच्या तोंडून बोलू लागे: मी कुठल्या जंगलात वाढलो, मला कसं तोडलं, इथवर कसं आणलं. मग कातड्यावर शिंपडायचं. आता जनावर बोले. आपला जन्म, आईबाप, बालपण, कुठे चरलो, कुठे पाणी प्यालो, शिकाऱ्याने गाठलं त्या क्षणापर्यंतची सगळी हकिगत. आणि शेवटी वचन, की मी तुझी सेवा करीन. नुसतं कातडं असून भागत नाही, त्या एका जनावराचं पूर्ण आयुष्य मागे जाऊन शोधावं लागतं, त्याचा जीव पकडून डफात आणावा लागतो. त्यानंतरच डफ वाहन होतो आणि काठी चाबूक.

‘हरिण म्हणजे कोमलता’ आणि हे, यातलं अंतर लक्षात यावं. इथे हरिण ही जात नसून अमुक एका दरीत अमुक एका हिवाळ्यात मारलेलं एक जनावर आहे. त्याला चरित्र आहे.

वाहनाची कल्पना फार जुनी दिसते. अल्ताईमधल्या पाझिरिक इथे १९२९ साली एक थडगं उघडलं गेलं. गोठलेल्या जमिनीमुळे लाकूड, चामडं, नमदा सगळं टिकलं होतं, वय सुमारे अडीच हजार वर्षांच्या आसपास. त्यात पुरलेल्या घोड्यांपैकी एकाच्या डोक्यावर रेनडिअरच्या शिंगांचा मुखवटा होता. घोडा पाळायला लागून पिढ्या लोटल्या होत्या, तरी शेवटच्या प्रवासाला निघताना त्याला रेनडिअर व्हावं लागलं. मंगोलियातल्या कांस्ययुगीन हरणशिळांवर, ज्यांना २०२३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, हरणांची तोंडं पक्ष्यांच्या चोचीसारखी निमुळती आहेत आणि शिंगं पाठीवरून लाटांसारखी मागे गेली आहेत. ती हरणं उडत आहेत असं पाहणाऱ्याला वाटतं. त्या शिळा उभारणाऱ्यांच्या मनात काय होतं हे छातीठोक सांगणाऱ्यांवर मात्र फार विश्वास ठेवू नये. फ्रान्समधल्या गुहाचित्रांबाबतही तोच सल्ला. लास्को गुहेतला पक्षिमुखी माणूस आणि त्याच्याशेजारी काठीवर बसलेला पक्षी खराच आहे, पण तो शामान आहे हा आपला अंदाज.

पोशाखात हेच पुढे जातं. अंगरख्याच्या बाह्यांना लोंबणाऱ्या चामड्याच्या झिरमिळ्या म्हणजे पंख. शिवलेली लोखंडी पट्टी म्हणजे पक्ष्याच्या पंखातलं हाड. डोक्यावर लोखंडी शिंगं. १६९२ साली निकोलास विट्सेन या डच माणसाने सायबेरियातल्या शामानचं चित्र छापलं, ते युरोपातलं अशा चित्रांपैकी पहिलं. त्यात डोक्यावर शिंगं, हातात डफ, आणि पावलांच्या जागी नख्या आहेत. चित्रकाराने नख्या भीतीपोटी काढल्या असतील, पण बुटांवर जनावराच्या पंजाची हाडं शिवायची चाल सायबेरियात होती, हेही खरं. केट शामानला हा सगळा साज एकदम मिळत नसे. आधी डफाची काठी आणि पुढचं एकेक वर्षानुवर्षांनी. लोखंडी शिंगांचा मुकुट अगदी शेवटी, तोही मोजक्यांना.

कोणता प्राणी निवडला जातो याचं एक सूत्र मात्र जगभर पुन्हा पुन्हा दिसतं: सीमेवर राहणारा. अलास्काच्या किनाऱ्यावरचे त्लिंगित लोक पाणमांजराला सर्वांत भितात. अस्वलाला नाही, देवमाशाला नाही, या लहानशा केसाळ प्राण्याला. ते जमिनीवर राहतं, पाण्यात शिकार करतं, माणसासारखं मागच्या पायांवर उभं राहतं, पुढच्या पंजांनी वस्तू हाताळतं. बुडून मेलेल्या किंवा रानात हरवलेल्या माणसाला पाणमांजरं आपल्यात घेतात अशी समजूत. म्हणजे अर्धवट मेलेल्यांचा हा समाज. आणि म्हणूनच शामान व्हायला निघालेला तरुण उपवास करत रानात राही, ते त्याच प्राण्याची वाट पाहत. पाणमांजर समोर येऊन जीभ बाहेर काढून कोसळे, तो ती जीभ कापून घेई आणि पुडक्यात बांधून जन्मभर जपे. शक्ती जिभेत, कारण तीच भाषा.

त्याच किनाऱ्यावर ऑयस्टरकॅचर नावाचा काळा पक्षी आहे, लाल लांब चोचीचा, शिंपले उघडून खाणारा. राहतो नेमका भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, आणि कुणी जवळ आलं की सगळ्यात आधी हाच कर्कश ओरडतो. त्लिंगित शामानचा खुळखुळा या पक्ष्याच्या आकाराचा असतो. पाठीवर कोरीव माणसं, कधी पाणमांजर, कधी चेटूक करणाऱ्याला छळतानाची दृश्यं. संग्रहालयांत तो ‘रेव्हन’ म्हणजे डोमकावळ्याच्या खुळखुळ्याशेजारी ठेवलेला असला की लोक दोन्ही शामानचेच समजतात. रेव्हनचा खुळखुळा सरदाराचा असतो, नाचात मानाने मिरवायचा. शामानला मान नको होता, पहारेकरी हवा होता.

घुबडाच्या बाबतीत तर यादीवाल्यांची पंचाईतच होते. जपानच्या होक्काइदोतले ऐनू लोक ब्लॅकिस्टनच्या मत्स्यघुबडाला ‘कोतान-कोर-कामुय’ म्हणतात, गावाचा राखणदार देव. हे घुबड प्रचंड मोठं, पंख पसरले तर पावणेदोन मीटर भरतील. ते नदीकाठी मासे धरतं. जिथे सॅमन मासे तिथे ते आणि तिथेच माणसांची वस्ती, तेव्हा राखणदार वाटणं साहजिक. उत्तर अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या नवाहो आणि अपाची लोकांत घुबडाचा आवाज म्हणजे मृत्यूची चाहूल. एकच पक्षिकुळ, दोन टोकं. ‘शामानिक परंपरेत घुबडाचा अर्थ’ असं शीर्षक दिसलं की पुढचं वाचायची गरज नसते.

अस्वलाकडे येताना भाषा बदलते, कारण त्याचं नावच घेत नाहीत. पश्चिम सायबेरियातल्या खांती आणि मान्सी लोकांत ‘म्हातारा’, ‘आजोबा’ अशी टोपणनावं चालतात. सोललेलं अस्वल माणसासारखं दिसतं, हे ज्याने एकदा पाहिलं त्याला यात नवल वाटत नाही. मारल्यावर त्याचा सण होतो. नर असेल तर पाच रात्री, मादी असेल तर चार, कारण पुरुषाला पाच जीव आणि बाईला चार अशी त्यांची मोजणी. पुढच्या पंजांवर डोकं टेकवलेलं कातडं मानाच्या जागी मांडतात, डोळ्यांवर नाणी ठेवतात. रात्रभर गाणी. बर्चच्या सालीचे मुखवटे घालून सोंगं. अस्वलाची करमणूक व्हायला हवी, पाहुणा आहे तो. मांस कापताना हाडं तोडायची नाहीत, सांध्यातून सोडवायची. हाड मोडलं तर पुन्हा जन्म घेताना ते जनावर लंगडं येईल किंवा येणारच नाही.

आणि मग शुद्ध लबाडी. आम्ही नाही मारलं, रशियनाने केलेल्या हत्याराने मारलं, असं अस्वलाला सांगायचं. एवेंकी लोक मांस खाताना कावळ्यासारखे ओरडत, म्हणजे खाणारे कावळे होते असं वाटावं. या परंपरांवर लिहिणारे हा भाग बहुतेक गाळतात, फार पोरकट वाटतो म्हणून. पण ज्याला आजोबा म्हणतो त्यालाच मारून खातो, ही अडचण कुणी इतक्या मोकळेपणाने कबूल केल्याचं दुसरं उदाहरण सापडायचं नाही.

ऐनूंनी तीच अडचण दुसऱ्या बाजूने सोडवली. त्यांच्या मते अस्वल हा देव, कामुय. तो माणसांच्या जगात फर आणि मांसाचा वेश घालून पाहुणा येतो, हा वेश म्हणजेच त्याने आणलेली भेट. हिवाळ्याच्या शेवटी गुहेतून पिल्लू आणायचं, वर्ष-दोन वर्षं घरात वाढवायचं, अगदी लहान असेल तर बायका त्याला अंगावर पाजत, आणि मग ‘इयोमांते’, म्हणजे पाठवणी. वेश उतरवून, वाटेची शिदोरी देऊन देवाला घरी धाडणं. तो तिकडे जाऊन माणसांचं कौतुक करील, पुन्हा येईल. होक्काइदोच्या प्रशासनाने १९५५ साली परिपत्रक काढून या विधीवर बंदी आणली, ते २००७ मध्ये मागे घेतलं गेलं. मधल्या ५२ वर्षांत विधी जाणणारी पिढी संपत आली.

देणं-घेणं हा या सगळ्याचा कणा आहे आणि तो सर्वांत कठोर दिसतो आर्क्टिकमध्ये. तिथे शेती नाही, झाडं नाहीत, खायला फक्त प्राणी. १९२१ ते १९२४ या काळात क्नुद रासमुसेन या डॅनिश संशोधकाची मोहीम इनुइट प्रदेशातून गेली तेव्हा इग्लूलिक भागातल्या एका वृद्धाने त्याला सांगितलं की आमच्या जगण्यातला मोठा धोका हा, की आमचं सगळं अन्न म्हणजे आत्मे आहेत. त्या आत्म्यांची मालकीण समुद्राच्या तळाशी राहते. बापाने तिला नावेतून ढकललं, ती काठाला धरून राहिली म्हणून तिची बोटं छाटली. त्या पेरांचे सील आणि वॉलरस झाले. माणसांनी नियम मोडले की त्यांची घाण तिच्या केसांत साचते. तिला बोटं नाहीत, केस विंचरता येत नाहीत. ती रागावून जनावरं कोंडून ठेवते, आणि वर उपासमार.

मग अंगाकुक्, तिथला शामान, खाली जातो. घरात सगळे गोळा होतात. दिवे मंद करतात. प्रत्येकाने अंगावरच्या गाठी, बंद, पट्टे सैल करायचे, कारण गाठ असली तर वाट अडते. डोळे मिटायचे. पडद्यामागून त्याचे दमलेले श्वास ऐकू येतात, आधी जवळून, मग दूरून, जणू पाण्याखालून. खाली तो तिला दिव्याकडे वळवतो, केसांवरून हात फिरवतो, विंचरतो. परत आल्यावर तो लगेच बोलत नाही. बराच वेळ शांतता. मग तो एवढंच म्हणतो की शब्द वर येतील. आणि एकेक जण कबुली देऊ लागतो: कुणी समुद्राचं आणि जमिनीवरचं मांस नको त्या दिवशी एकत्र खाल्लं, कुणी गर्भ पडल्याचं लपवलं. रोजच्या व्यवहारातले नियमही याच्याशी बांधलेले. मारलेल्या सीलच्या तोंडात गोड्या पाण्याचा घोट ओतायचा, कारण खाऱ्या पाण्यात तो जन्मभर तहानलेला असतो.

कोलंबियाच्या वाउपेस खोऱ्यातल्या देसाना लोकांत पाये, म्हणजे त्यांचा शामान, आणि जग्वार या दोघांना शब्द एकच आहे, ‘ये’. पाये प्राण्यांच्या धन्याकडे, वाइ-महसेकडे, जाऊन शिकारीची परवानगी मागतो, आणि बदल्यात माणसांचे आत्मे कबूल करतो. मेल्यावर ते तिकडे जातील आणि जनावरांची भरपाई करतील. फार शिकार झाली की आजार पडतात, मग पाये शिकारीला लगाम घालतो. मानवशास्त्रज्ञ राइखेल-दोल्मातोफ यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की हा हिशेब जंगलाच्या क्षमतेचा हिशेब आहे. जग्वार होण्यातला धोकाही अॅमेझॉनमध्ये ठाऊक असतो. जग्वारला रक्त मॅनिओक या कंदाच्या बीरसारखं दिसतं. त्या डोळ्यांनी फार वेळ पाहिलं तर आपलीच माणसं रानडुकरं दिसू लागतात. परत येता आलं नाही तर शामान उरत नाही, जनावर उरतं.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांनी १९८०च्या सुमारास ‘पॉवर अॅनिमल’ची कल्पना शहरी लोकांपर्यंत आणली. डफाचे मिनिटाला दोनशेच्या पुढे ठोके, डोळ्यांवर पट्टी, पंधरा-वीस मिनिटांत प्राणी भेटतो. एकसुरी ठोक्यांनी मन वेगळ्या अवस्थेत जातं यात खोटं काही नाही, आणि त्यातून कुणाला बरं वाटत असेल तर वाटो. पण या भेटीत प्राणी काहीच मागत नाही. झुंज नाही, काळीज कुरतडणं नाही, मोडलेल्या नियमाची कबुली नाही. ‘टोटेम’ची गल्लत तर नेहमीची. हा शब्द ओजिब्वे भाषेतल्या ‘डोडेम’वरून आला, आणि डोडेम म्हणजे कुळ: बगळ्यासारखा क्रेन, अस्वल, मुंगसासारखा मार्टेन, आणि लूनसुद्धा. क्रेन आणि लून या कुळांकडे नेतेपण असे. ते जन्माने मिळतं, निवडता येत नाही. अमेरिकेत तर कायदाही आडवा येतो. १९४०च्या गरुड संरक्षण कायद्याने गळून पडलेलं गरुडाचं पीसही जवळ ठेवणं गुन्हा आहे, मान्यताप्राप्त आदिवासी जमातींच्या सदस्यांना ते सरकारी भांडारातून अर्ज करून, वाट पाहून मिळतं.

नॉर्वेतल्या वाद्सो इथे १६९२ साली अँडर्स पौल्सेन नावाच्या वृद्ध सामी नोआइदीवर खटला चालला. त्याचा डफ जप्त झाला होता. आल्डर झाडाच्या सालीच्या लाल रसाने त्यावर माणसं, देव, रेनडिअर, अस्वल, लांडगा काढलेले होते. न्यायालयात त्याला एकेका चित्राचा अर्थ सांगायला लावलं, आणि लिहून घेतलं. सामी डफांवरच्या चित्रांचा मालकाने स्वतः सांगितलेला इतका सविस्तर अर्थ क्वचितच मिळतो. पण हे शब्द जीव टांगणीला लागलेल्या माणसाचे आहेत, पुढ्यात पाद्री आणि न्यायाधीश बसलेले असताना बोललेले, हे विसरून ते शब्दकोशासारखे वापरले जातात. निकाल लागायच्या आधीच एका वेड्या माणसाने झोपेत कुऱ्हाडीने त्याला मारलं. डफ डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात गेला. १९७९ मध्ये तो कारास्योकच्या सामी संग्रहालयात उसना आला आणि त्याची मालकी सामींना मिळायला २०२२ साल उजाडलं.

सायबेरियात शामान मेला की त्याचा डफ वारसाला देत नसत. कातड्याला भोक पाडून तो थडग्याजवळच्या झाडाला टांगत. जनावराने वचन दिलं होतं ते एका माणसाला. जुन्या डफाचं कातडं मधोमध फाटलेलं दिसलं, तर ते नेहमीच वापराने फाटलेलं असतं असं नाही.